ट्रेलवर आडवं पडलेलं झाड: नव्या स्वयंसेवकांनी काम कसं करायचं

जून ते सप्टेंबर या काळात पुण्याच्या टेकड्यांवर आणि सह्याद्रीच्या उतारांवर माउंटन बाइकच्या वाटा झाडं पडून अडतात. सगळ्यात जास्त पडतो तो गिरिपुष्प, ज्याला उंदीरमारी असंही म्हणतात. टेकडीवर मुरुमावर मातीचा पातळ थर असतो, त्यात या झाडाची मुळं वरवरच पसरतात. पावसाने माती भिजली आणि वारं सुटलं की झाड मुळासकट उलथतं. सुबाभूळ आणि नीलगिरीचीही तीच गत. एप्रिल-मेमधल्या वळवाच्या वाऱ्यात फांद्या मोडतात त्या वेगळ्याच.

झाड पडलं की पहिल्या आठवड्यातच सायकलवाले त्याला वळसा घालायला लागतात. भिजलेल्या उतारावर ती नवी आडवाट बघता बघता गवत खाते, मग तीच पाण्याचा ओहळ होते. झाड कधीतरी कुजून जाईल, पण ओहळ भरून निघत नाही. म्हणून हे काम वेळेवर करायचं. वाट साफ दिसावी एवढ्यासाठी नाही, तर ती आहे त्याच जागी राहावी यासाठी.

खाली दिलेली पद्धत हाताच्या अवजारांसाठी आणि महाराष्ट्रातल्या परिस्थितीसाठी आहे.

१. आधी जमीन कोणाची ते शोधा

एकाच ट्रेलचा एक तुकडा वनखात्याचा, पुढचा महापालिकेचा आणि मधला खासगी असू शकतो. झाड नेमकं कुठल्या तुकड्यात पडलंय त्यावर परवानगी कोणाकडून घ्यायची ते ठरतं.

वनखात्याची जमीन असेल तर भारतीय वन अधिनियम १९२७ लागू होतो. या कायद्यात जंगलातलं लाकूड हे वनोपज आहे, मग ते उभं असो की पडलेलं. राखीव वनातून ते परवानगीशिवाय तोडणं किंवा उचलून नेणं गुन्हा ठरतो. नव्या माणसाची सगळ्यात मोठी चूक इथेच होते: "पडलेलंच तर आहे, त्याला कसली परवानगी?" परवानगी लागते.

महापालिकेच्या हद्दीत महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ आहे. तिथे उद्यान विभागाला कळवायचं. बहुतेक वेळा त्यांचीच माणसं येऊन झाड कापतात आणि तेच बरं. खासगी जमिनीवर मालकाचं लेखी संमतिपत्र घ्या आणि तरीही वनरक्षकाच्या कानावर घाला. भीमाशंकर किंवा कोयनेसारख्या अभयारण्यात तर आत जायलाच वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली परवानगी लागते. तिथे स्वतःहून करवत घेऊन जाऊ नका. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवून थांबा.

२. अर्ज आणि सोबतचे कागद

पहिली भेट वनरक्षकाची घ्या. त्याच्याकडे नियतक्षेत्र असतं, म्हणजे ती टेकडी त्याच्या पायाखालची असते. अर्ज मात्र वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या नावे करायचा. मजकूर एका पानात बसवा:

- ठिकाण, अक्षांश-रेखांश, आणि प्रत्येक झाडाचे दोन फोटो, एक जवळून आणि एक वाटेसकट
- झाडाची जात, आणि वाटेवर आडव्या आलेल्या भागाचा घेर
- कामाची तारीख आणि वेळ, सोबत पर्यायी तारीख
- स्वयंसेवकांची नावं, फोन आणि आधारची प्रत. सगळे १८ वर्षांवरील
- अवजारांची यादी, त्यात "यंत्राची करवत वापरणार नाही" हे वाक्य
- "फक्त वाटेवरचा भाग कापू, लाकूड तिथेच ठेवू, उभ्या झाडाला हात लावणार नाही" ही हमी

अर्जाच्या दोन प्रती न्या. एका प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन ती पोच म्हणून जपून ठेवा. पोच म्हणजे परवानगी नव्हे, हे विसरू नका. लेखी उत्तर येईपर्यंत थांबायचं, आणि कामाच्या दिवशी त्याची प्रत खिशात असू द्यायची. टेकडीवर सकाळी फिरायला येणारे लोक करवत बघून जाब विचारतात आणि ते योग्यच करतात. कागद दाखवला की तीच माणसं पुढच्या वेळी झाड पडल्याचं तुम्हाला कळवतात.

३. पाहणी

पाहणीला शिंप्याचा टेप न्या. जिथे कापायचं त्या ठिकाणचा घेर मोजा आणि तीनने भागा, साधारण जाडी मिळते. ओल्या लाकडाचं वजन जवळपास तेवढ्याच आकाराच्या पाण्याइतकं धरलं तर हिशेब सोपा होतो. एक मीटर लांबीचा ओंडका ६० सेंमी घेराचा असेल तर तो साधारण ३० किलो, ९० सेंमी घेराचा साधारण ६५ किलो, आणि १२० सेंमी घेराचा ११५ किलोच्या आसपास भरतो. घेर दुप्पट झाला की वजन चौपट होतं. बघताना हे लक्षात येत नाही आणि मग कंबर जाते.

नव्या गटाने ६० सेंमी घेराच्या वर जाऊ नये. ही मर्यादा आमची आहे, कायद्याची नाही, पण ती पाळा.

खालीलपैकी काहीही दिसलं तर ते झाड वनखात्यासाठी सोडा:

- झाड दुसऱ्या झाडात अडकून अर्धवट लोंबतंय.
- डोक्यावर मोडकी फांदी अडकलेली आहे.
- मुळांचा गड्डा मातीसकट उभा उचकटलाय आणि खोड अजून त्याला जोडलेलं आहे. खोड कापताच वजनाचा तोल जातो आणि गड्डा पुन्हा खड्ड्यात बसू शकतो. त्या खड्ड्यात किंवा गड्ड्याच्या मागे कोणीही उभं राहायचं नाही.
- खोड दोन झाडांच्या मध्ये धनुष्यासारखं वाकून अडकलंय.
- विजेची तार जवळ आहे किंवा झाडाला टेकलीय. लांबूनच महावितरणच्या १९१२ वर फोन करा.
- ढोलीत घरटं आहे किंवा फांदीला मोहोळ आहे. आग्या मोहोळ दिसलं तर त्या दिवशी ती वाटच सोडा.

पाहणीतच झाडाची ओळख पक्की करून घ्या. बिब्ब्याच्या चिकाने कातडीवर फोड येतात. शेर आणि निवडुंग यांचा चीक डोळ्यात गेला तर डोळा सुजतो, दिसायचं बंद होऊ शकतं. पावसाळ्यानंतर खाजकुयलीच्या शेंगांवरची लव वाऱ्याने अंगावर येते, तिचा वेल खोडावर असेल तर ते झाड नव्या माणसाने घेऊच नये.

४. अवजारं

पाच-सहा जणांच्या गटाला एवढं पुरतं:

- घडीची ओढकरवत, पातं २४ ते ३० सेंमी, दोन नग. ही ओढताना कापते, ढकलताना नाही. ढकलताना जोर लावला की पातं वाकतं किंवा मोडतं.
- २४ इंची बो-सॉ (धनुष्यासारख्या चौकटीत पातं ताणलेली करवत), एक नग, सोबत एक जादा पातं. ओल्या लाकडासाठी मोठ्या दात्यांचं पातं घ्या, सुक्या लाकडाचं बारीक दात्यांचं पातं भुशाने भरून जातं.
- कोयता, बारीक फांद्यांसाठी
- बाभळीच्या लाकडाच्या किंवा प्लास्टिकच्या चार पाचरी आणि लाकडी हातोडा. लोखंडी पाचर नको, करवतीचे दाते तिच्यावर घासून जातात.
- पाच फुटी पहार, ओंडका उचकटायला
- १२ मिमी जाडीचा २० मीटर नायलॉन दोर
- फावडं, कुदळ, घमेलं, खराटा
- चामडी हातमोजे, डोळ्यांना गॉगल, पायात घोट्याच्या वर येणारे बूट
- बांधकामावर वापरतात तसं आयएस २९२५ खुणेचं हेल्मेट. सायकलचं हेल्मेट चालतं असं वाटतं, पण वरून पडणाऱ्या फांदीसाठी ते केलेलं नाही.
- शिट्टी, प्रथमोपचार पेटी, माणशी तीन लिटर पाणी

कुऱ्हाड मुद्दाम दिलेली नाही. ओल्या गोल खोडावरून कुऱ्हाड घसरते आणि नडगीवर येते. यंत्राची करवत चालवायला प्रशिक्षण, संरक्षक पँट आणि वेगळी परवानगी लागते. शिवाय जानेवारीनंतरच्या सुक्या गवतात तिच्या तापलेल्या धुरांड्याने वणवा लागू शकतो.

डिंकाने करवत जाम झाली तर फडक्यावर थोडं रॉकेल किंवा खोबरेल घेऊन पातं पुसा.

५. दिवस आणि माणसं

पाऊस थांबून दोन-तीन दिवस झालेले असावेत. चिखलात पाय घसरतो आणि तुमच्याच पायांनी वाट खराब होते. सकाळी सातला सुरुवात, अकराच्या आत आवरतं घ्या.

सहा जणांची वाटणी अशी: एक कापणारा, एक त्याच्यावर नजर ठेवणारा, दोघे फांद्या ओढणारे, आणि दोघे वाटेच्या दोन्ही टोकांना. टोकाचे दोघे महत्त्वाचे. उतारावरून येणाऱ्या सायकलस्वाराला वळणापलीकडचं काही दिसत नाही. वरच्या बाजूचा माणूस झाडापासून किमान ५० मीटरवर, थांबायला सरळ जागा असेल तिथे उभा करा. एक लांब शिट्टी म्हणजे "काम थांबवा", दोन छोट्या म्हणजे "वाट मोकळी".

नजर ठेवणाऱ्याने हातात काहीही धरायचं नाही. खोड हललं, माती सरकली, वर फांदी कडकडली, की "थांब" एवढंच ओरडायचं. कापणाऱ्याने कारण न विचारता थांबायचं.

कोणाला लागलंच तर १०८ला फोन करून रुग्णवाहिका गाडीरस्त्यावर कुठे येईल, हे आधीच ठरवून सगळ्यांना सांगा. "टेकडीवर आहोत" एवढ्याने ती पोचत नाही.

६. हात घालण्याआधी

पडलेल्या खोडाखाली घोणस, फुरसं, विंचू असतात. आधी लांब काठीने खोडाच्या दोन्ही बाजू आणि खालची पोकळी बडवा, मग दोन मिनिटं थांबा. ओंडक्याखाली बोटं कधीच घालायची नाहीत. तो पहारीने उचकटून आपल्याकडे गोल फिरवायचा, म्हणजे खाली काही असलं तर ते ओंडक्याच्या पलीकडे राहतं.

साप चावलाच तर जखम कापू नका, चोखू नका, घट्ट आवळपट्टी बांधू नका. अंगठी, घड्याळ, कडं काढा, तो हात किंवा पाय फळीला बांधून हलू देऊ नका, माणसाला चालवू नका आणि थेट सरकारी रुग्णालयात न्या.

७. ताण कुठे, दाब कुठे

या कामातलं खरं कौशल्य इथे आहे. बाकीचं सगळं मेहनतीचं.

पडलेलं खोड निपचित दिसतं, पण ते वाकलेल्या पट्टीसारखं असतं. त्याची एक बाजू ताणलेली, दुसरी दाबलेली. दाबाच्या बाजूने कापलं की फट मिटते आणि करवत पकडली जाते. ताणाच्या बाजूने कापलं की फट उघडते, आणि घाई केली तर खोड उभं चिरतं, कापणाऱ्याच्या अंगावर उसळतं.

दोन्ही टोकं टेकलेली, मधला भाग अधांतरी. वाटेच्या दोन्ही बाजूंच्या दरडींवर टेकलेलं खोड असं असतं. वर दाब, खाली ताण. वरून जाडीच्या पाव ते एक तृतीयांश कापा. फट अरुंद व्हायला लागली की थांबा आणि पाचर हलकेच ठोका. मग त्याच रेषेत खालून वर कापत या. शेवटी तुकडा सरळ खाली पडतो, तेव्हा पाय त्याच्या खाली नकोत.

एकच टोक टेकलेलं, दुसरं लोंबतंय. इथे उलट: वर ताण, खाली दाब. आधी खालून एक तृतीयांश, मग वरून. खालचा काप टाळला की खोड उभं फाटतं, साल लांबवर सोलत जाते. नीलगिरी आणि सुबाभूळ यात फार वाईट.

पूर्ण जमिनीला टेकलेलं. ताण कमी असतो. वरून कापा, पाव भाग झाला की पाचर घाला आणि तळाशी माती लागायच्या आत थांबून ओंडका पहारीने फिरवा. मातीत एकदा घासली की करवत त्या दिवसापुरती बोथट झाली.

कोणती बाजू ताणाची हे बघून कळेना, तर दोन सेंमी खोल काप घ्या आणि बघा. फट उघडतेय की मिटतेय यावरून खोड स्वतःच सांगतं.

उभं राहायचं ते उताराच्या वरच्या बाजूला, आणि आजूबाजूची माणसंही तिथेच. फांद्या आधी मोकळ्या करा. वरच्या, ज्यांच्यावर काही भार नाही त्या सुरुवातीला. खाली जमिनीत रुतलेल्या फांद्या खोडाला टेकू देत असतात, त्या शेवटी, एकेक. टेकू काढला की खोड फिरतं किंवा बसतं.

वाटेवरचा तुकडा मोकळा करताना दोन्ही काप समांतर घेऊ नका. थोडे तिरके घ्या, म्हणजे तुकडा वरच्या बाजूने आणि उताराच्या बाजूने किंचित रुंद राहील. समांतर कापलेला तुकडा दोन टोकांमध्ये बुचासारखा अडकून बसतो.

८. किती मोकळं करायचं

माउंटन बाइकचं हँडल साधारण ७४ ते ८० सेंमी रुंद असतं. वाटेच्या मध्यापासून दोन्हीकडे ६० सेंमी, म्हणजे एकूण १.२ मीटर रुंदी पुरते. उंची अडीच मीटर. उतारावरच्या वळणात आतल्या बाजूच्या पडलेल्या फांद्या जरा जास्त काढा, समोरचं दिसलं पाहिजे. बाकी ठिकाणी हात आखडता घ्या. रुंद केलेल्या वाटेवर मोटारसायकली शिरतात, आणि एक पावसाळा त्या चालल्या की वाटेची नाली होते.

कापलेल्या फांदीचं टोकदार खुंट वाटेकडे तोंड करून ठेवू नका. पडणारा सायकलस्वार त्याच्यावरच जातो. खुंट बुंध्याशी सपाट कापा.

९. ओंडके आणि पाला

ओंडके उताराच्या खालच्या बाजूला, वाटेपासून निदान दोन मीटर दूर, उताराला आडवे आणि दगडाचा टेकू देऊन ठेवा. सोडताना खाली कोणी नाही याची नजर ठेवणाऱ्याने खात्री करायची. खाली दुसरी पायवाट असेल तर दोर बांधून हळूहळू सोडा. लाकूड कोणालाही देऊ नका. सरपणासाठी मागणारी माणसं गरजू असतात, पण तो निर्णय वनरक्षकाचा.

फांद्यांचे उंच ढीग नकोत. उन्हाळ्यात ते वणव्याला खाद्य ठरतात. गुडघ्याच्या खाली राहतील असे पसरून टाका, आणि जाळरेषेवर, म्हणजे वणवा अडवायला साफ ठेवलेल्या पट्ट्यावर, एक काटकीही नको.

गिरिपुष्पाची एक सवय जाणून घ्या. त्याची ओली जाडजूड फांदी ओल्या मातीत खुपसली तर ती फुटते. वाट बंद करायला म्हणून तिची खुंटं ठोकली, तर तुम्ही तिथे नवीन गिरिपुष्प लावलेत. त्याच्या फांद्या जमिनीवर आडव्या टाका, रोवू नका.

१०. आडवाट बुजवणं

हे काम दमल्यावर उरतं आणि म्हणून राहून जातं. झाड हटवलं तरी लोक सवयीने वळशानेच जातात. आडवाटेच्या दोन्ही तोंडांशी, जिथून ती दिसते तिथपर्यंत, फांद्या आणि दगड असे पसरा की तिथे कधी वाटच नव्हती असं वाटावं. नुसती एक आडवी फांदी टाकली तर सायकलवाल्याला ती उडी मारायची जागा वाटते. आडवाट खोल गेली असेल तर दर दोन-तीन मीटरवर वीतभर उंचीचे दगड उताराला आडवे रोवा, पाणी तिथे थबकतं आणि माती साठते.

मूळ वाटेच्या कडेला मुळांचा खड्डा पडला असेल तर तळाशी मोठे दगड, वर छोटे, मग मुरूम, आणि प्रत्येक थर पायाने चोपून. वरचा थर दरीकडे किंचित उतरता ठेवा, मीटरला पाच सेंमी पुरे, म्हणजे पाणी वाटेवरून वाहत न जाता बाजूला पडतं.

११. काटे, मोजणी, पोच

बाभूळ, हिवर, बोर किंवा खैर कापलं असेल तर वाटेच्या वर-खाली दहा मीटर खराट्याने झाडा. मग गुडघ्यावर बसून हातमोजा घातलेल्या हाताने एकदा चाचपा. राहिलेला एक काटा दिवसभरात दहा ट्यूब फोडतो.

निघण्याआधी अवजारं यादीशी ताडून मोजा. पाल्यात पडलेली घडीची करवत सापडत नाही, म्हणून मुठीला आधीच लाल फीत बांधलेली बरी. पाहणीच्या वेळी जिथून फोटो काढले होते, तिथूनच पुन्हा काढा, आणि त्याच संध्याकाळी वनरक्षकाला पाठवा: किती झाडं, कुठे, कोणती सोडली आणि का. सोडलेल्या झाडांची यादी आधी लिहा, कारण त्यावर खात्याला माणसं पाठवायची असतात.